सत्र मोडलं तेव्हा नेमकं काय कामी आलं? (अनुभव धागा)

विद्यापीठाचं सत्र मध्येच मोडायला फार मोठं काही व्हावं लागतं असं नाही. पूर, भूकंप, साथ ही मोठी कारणं झाली. पण एखादा संप, वसतिगृहातली आग, शिकवणाऱ्या व्यक्तीचं लांबलेलं आजारपण, एवढ्यानेही छान चाललेलं सत्र विस्कटतं. २०२० साली ते सगळ्या जगाचं एकदम विस्कटलं: १९०हून जास्त देश, शाळा-कॉलेज मिळून सुमारे १६० कोटी विद्यार्थी. तेव्हाची धावपळ आता जुनी झाली आणि तेव्हा जमलेल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी गुंडाळूनही ठेवल्या गेल्या, असं मला दिसतं. म्हणून हा धागा काढतेय.

विद्यार्थी, शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय, सगळीकडच्यांनी लिहा. 'मनोबल उंच ठेवा' छापाचे सल्ले मात्र नकोत. काय केलं आणि त्याने कुणाचं काय अडलेलं सुटलं, ते सांगा.

सुरुवात मीच करते. मी संख्याशास्त्र शिकवते. आमचे वर्ग अचानक बंद झाले तेव्हा मुलांवर सूचनांचा नुसता भडिमार झाला. एका विषयाचं ईमेलवर, दुसऱ्याचं व्हॉट्सॲपवर, तिसऱ्याचं पोर्टलवर, आणि पोर्टल उघडेल तेव्हा उघडेल. मी दर सोमवारी सकाळी एकच संदेश पाठवायला लागले. या आठवड्यात काय वाचायचं, काय जमा करायचं, मी कधी भेटेन. बस. सांगण्यासारखं काही नसलं तरी संदेश जायचाच: 'परीक्षेचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या सोमवारी जे कळलं असेल ते कळवते.' एक विद्यार्थिनी नंतर म्हणाली, "मॅडम, त्या 'अजून ठरलेलं नाही'चाच आधार होता. बाकी ग्रुपवर रोज नवी तारीख फिरायची."

धडे बुडतात ते नंतर भरून काढता येतात. त्याआधी मुलांना आपण नक्की कुठे आहोत हेच कळेनासं होतं, आणि अभ्यास खरा तिथे सुटतो. हे माझं मत. तुमचं वेगळं असेल तर जरूर मांडा.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी
सोमवारच्या संदेशाला +१. आमच्या एका सरांनी बुधवार धरला होता.

माझा अनुभव डेटाचा. घरी फोन एक, त्यावर मी आणि दोघं भावंडं. लाइव्ह वर्ग म्हणजे चेहरे गोठलेले, आवाज तुटक, आणि तासाच्या शेवटी 'काही शंका?' शंका काय विचारणार, ऐकूच आलं नव्हतं. इकॉनॉमेट्रिक्सच्या सरांनी मात्र व्हिडिओ सोडूनच दिला. स्लाइड्सची पीडीएफ आणि सोबत नुसता आवाज, स्लाइड बदलली की 'आता पान सात' असं म्हणायचे. ३२ केबीपीएसला, मोनो, म्हणजे आवाजाचा दर्जा अगदी कमी ठेवून. तासाभराची फाइल १४-१५ एमबीची व्हायची. रात्री नेट जरा चालायचं तेव्हा उतरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकायची. तेव्हा माझा सगळ्यात चांगला झालेला विषय तोच. सर तसे काही खास रंगवून शिकवायचे नाहीत (वाचत असतील तर माफ करा सर), पण पोचायचे.

रसायनशास्त्र प्रयोगशाळा सहायक
प्रात्यक्षिकांचं काय करायचं हा आमच्याकडचा मोठा प्रश्न. सुरुवातीला टायट्रेशनचे (एक द्रावण थेंबथेंब मिसळून दुसऱ्याची तीव्रता काढायचा प्रयोग) तयार व्हिडिओ दाखवले. मुलं बघायची आणि विसरायची, कारण त्यात त्यांना करायला काहीच नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, तुम्ही एकट्याने प्रयोग करा आणि प्रत्येक रीडिंगला ब्युरेटचा (खाली नळ असलेली, मापाच्या खुणांची काचनळी) फोटो काढा. आकडा सांगू नका.

मी फोटो काढले. काही बरोबर डोळ्यांच्या पातळीवरून, काही मुद्दाम थोडे वरून. एका फोटोत ब्युरेटच्या टोकाला थेंब लटकत ठेवला, एकात नळाखाली हवेचा बुडबुडा. मुलांनी फोटोवरून मेनिस्कसच्या (नळीतल्या द्रवाच्या वाकलेल्या पृष्ठभागाच्या) खालच्या कडेचं रीडिंग घ्यायचं, दोन खुणांच्या मधलं अंदाजाने ०.०५ मिलिपर्यंत लिहायचं, आणि कुठलं रीडिंग बाद करायचं ते कारणासह सांगायचं. वर्ग पुन्हा भरले तेव्हा या मुलांना ब्युरेट हातात धरायला शिकवावंच लागलं, नळ फिरवताना नेहमीसारखी सांडलवंड झालीच. पण रीडिंग घेताना वाकून डोळा पातळीवर आणायची सवय मात्र आधीच लागलेली होती. आधीच्या बॅचना हे ओरडून सांगावं लागायचं. आता सगळं सुरळीत आहे, तरी पहिल्या प्रात्यक्षिकाआधी आम्ही तो फोटोसंच देतो.

विभागप्रमुख, समाजशास्त्र
आमच्याकडचा घोळ चांगुलपणातून झाला होता. प्रत्येक शिक्षकाने मुलांची अडचण ओळखून आपापली मुदत पुढे ढकलली. सहा विषय, सहा दयाळू शिक्षक, आणि सगळ्यांचे निबंध शेवटच्या एकाच आठवड्यात! मुलं रडकुंडीला आली आणि शिक्षक म्हणत राहिले, आम्ही तर सवलत दिली होती.

पुढच्या वेळी सत्र मोडलं तेव्हा पहिल्याच बैठकीत एक सामायिक तक्ता उघडला. आडव्या ओळीत आठवडे, उभ्या रकान्यांत विषय. ज्याला मुदत बदलायची असेल त्याने आधी तक्ता बघायचा. एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त मोठी कामं नकोत. तक्ता विद्यार्थ्यांनाही दिसायचा, त्यामुळे तिसरं काम घुसलं की तेच लगेच कळवायचे. आणखी एक केलं, त्यावर बरीच कुरकुर झाली: प्रत्येकाने आपल्या विषयातलं काहीतरी गाळायचं. पुढे नाही ढकलायचं, गाळायचं. पुढच्या सत्राला जे लागणारच ते ठेवायचं आणि बाकीचं सोडायचं. 'माझ्या विषयात गाळण्यासारखं काहीच नाही' हे वाक्य त्या बैठकीत सगळ्यांकडून ऐकलं. शेवटी सगळ्यांनी गाळलं.

रात्रपाळी करून शिकणारा
मला एकाच गोष्टीने तारलं. प्रोग्रॅमिंगच्या कोर्समध्ये प्रत्येकाच्या नावावर उशिराचे पाच दिवस जमा होते. हवे तेव्हा, हवे तितके वापरा, कारण सांगायचं नाही. सूट मागण्याची विनवणी नाही, डॉक्टरांचं प्रमाणपत्र नाही, घरचं रडगाणं परक्या माणसापुढे गाणं नाही. दुसऱ्या एका विषयात सूट मिळायची, पण अर्ज आणि पुरावा दिल्यावर. तिथे मी मागितलीच नाही, सरळ गुण सोडले. ज्याला खरी गरज असते तो बरेचदा मागतच नाही, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावं.

कर्णबधिर विद्यार्थी
थोडक्यात लिहितो. आपोआप उमटणारी सबटायटल्स नेमकी तांत्रिक शब्दांवरच घसरतात. एका मॅडमनी तासाआधी त्या दिवसाच्या अवघड शब्दांची यादी पाठवायला सुरुवात केली. त्यांना दोन मिनिटं लागत असतील, मला अख्खा तास कळायचा. पुढे सगळा वर्गच ती यादी मागायला लागला.

विद्यार्थी समुपदेशक
वरच्या 'मागतच नाही'बद्दल. म्हणूनच आम्ही वाट बघणं बंद केलं. लागोपाठ दोन कामं जमा झाली नाहीत की विभागाकडून नाव आमच्याकडे यायचं आणि आम्ही फोन करायचो. फोनवर काय बोलायचं यावर आमच्यात बराच खल झाला. 'तुझी दोन असाइनमेंट राहिली आहेत' म्हटलं की पलीकडचा आवाज बारीक व्हायचा, 'हो हो, करतो' म्हणून फोन बंद. त्याऐवजी 'पास व्हायला आता काय काय लागेल ते आपण मिळून बघू या का?' असं विचारलं की माणूस बोलायला लागायचा. मग समोर कागद घेऊन उरलेली कामं, त्यांचं गुणांकन, कुठलं सोडलं तर चालेल. पुष्कळांना वाटायचं की वर्ष गेलंच. गणित मांडल्यावर निघायचं की दोन कामं आणि लेखी परीक्षा एवढ्यावर विषय सुटतो. काहींचा खरंच सुटत नव्हता. त्यांना विषय वेळेत रद्द करायची तारीख सांगणं, हीसुद्धा मदतच.

गणिताचा शिक्षक
थोडा विरोधी सूर लावतो. सवलतींबद्दल सगळे गोड बोलताहेत, पण कॅल्क्युलस-१ न येता कॅल्क्युलस-२ मध्ये बसलेल्या मुलाचे हाल मी पुढच्या सत्रात बघतो. २०२०च्या त्या सत्रात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने नेहमीच्या श्रेणी बाजूला ठेवल्या आणि जो पास झाला नाही त्याची नोंद गुणपत्रिकेवर येऊ दिली नाही. ते योग्यच होतं, संकटाचा शिक्का आयुष्यभर कशाला? पण शिक्का नाही याचा अर्थ विषय आला असा होत नाही.

मी केलं ते असं. दर आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी, गुण मोजायचे नाहीत, उत्तरं लगेच. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्याने बघितलं तर वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे त्यांना मागे टाकतात. मोडलेल्या सत्रात मुलं नेमकं उलट करतात. घाबरून तेच व्हिडिओ तीनतीनदा बघतात आणि 'कळलं' असं वाटून घेतात. चाचणीने तो भ्रम वेळेत फुटतो. पुढच्या सत्राचे पहिले दोन आठवडेही मी मागच्या फटी बुजवायला ठेवले. अभ्यासक्रम मागे पडला, पण मुलं पडली नाहीत.

उच्च शिक्षण प्रशासनातली
शिक्षकांनी कितीही केलं तरी काही गाठी वरूनच सुटतात. २००५च्या ऑगस्टअखेर कतरिना वादळ आलं आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाने ते अख्खं सत्र रद्द केलं. तिथले विद्यार्थी देशभरच्या दुसऱ्या विद्यापीठांत पाहुणे म्हणून बसले आणि जानेवारी २००६ मध्ये टुलेन पुन्हा उघडलं. कागदपत्रं पाण्यात असताना त्यांना आधी वर्गात घेतलं गेलं, हिशेब नंतर झाले. फेब्रुवारी २०११च्या भूकंपानंतर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाने आवारात तंबू ठोकून व्याख्यानं घेतली. तंबूंचे फोटो सगळ्यांना आठवतात, पण माझ्यासारखीला टुलेनचं जास्त कौतुक. 'दुसरीकडचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) आम्ही धरू' हा एक निर्णय किती जणांचं वर्ष वाचवतो! आपापल्या विद्यापीठात असा नियम लिहिलेला आहे का, हे सगळं शांत असतानाच विचारून ठेवा. गडबडीत कुणी सही करत नाही.

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी
सगळ्यांचं वाचतोय. आमचं सत्र आत्ताच मोडलंय. दोन विषयांच्या शिक्षकांचा काहीच पत्ता नाही, एका विषयाच्या मुदती तीनदा बदलल्या. मी कुणाला काय विचारू?

धागाकर्ती
प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना एक ईमेल लिही, पाच ओळींच्या वर नको. विषयाचं नाव, हजेरी क्रमांक, तुझ्या माहितीप्रमाणे काय काय जमा करायचं आहे त्याची यादी, आणि शेवटी 'यात काही चुकत असेल तर कळवा.' 'सर, काय करायचं?' असं मोघम विचारू नकोस. त्याचं मोठं उत्तर लिहायला कुणाला सवड नसते. तयार यादीवर 'बरोबर' किंवा 'तिसरं काम रद्द झालं' एवढं लिहिणं सोपं जातं. मला स्वतःला आलेल्या अशा ईमेलना मी उभ्या उभ्या फोनवरून उत्तरं दिली आहेत.

समुपदेशक
आणि विभागाच्या कार्यालयाला प्रत लावायला विसरू नकोस. शिक्षकांचा पत्ता नसेल तेव्हा कुणाकडे कुठला विषय सोपवलाय, हे बहुतेक वेळा तिथल्या क्लार्कलाच आधी कळतं.