73939133 चा शेवटचा अंक खोडत जा, तरी मूळ संख्याच?

ऐरोलीची_आई:
मुलगा आठवीत आहे. क्लासच्या सरांनी फळ्यावर 73939133 लिहिलं, म्हणे ही मूळ संख्या, शेवटचा 3 खोडला की 7393913 ती पण मूळ, मग 739391, 73939, 7393 असं करत करत पार 7 पर्यंत. वर म्हणे अशातली ही सगळ्यात मोठी. पोरगा तेव्हापासून कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय, जेवायला उठत नाही. पण मूळ संख्या तर संपतच नाहीत ना? मग "सगळ्यात मोठी" कसं काय म्हणतात?

घोडबंदर_रोड:
मूळ संख्या संपत नाहीत ताई, पण हा प्रकार संपतो. पुढे जोडायला अंक चारच, 1, 3, 7, 9, कारण सम अंक आला की 2 ने भाग गेला आणि 5 आला की 5 ने. अशा एक अंकी 4 आहेत, दोन अंकी 9, मग 14, 16, 15, 12, 8, आठ अंकी 5 आणि नऊ अंकी शून्य. एकूण 83. नऊ अंकी एकही नाही तर दहा अंकी कुठून येणार, तिचा शेवटचा अंक खोडला की नऊ अंकीच उरायला हवी ना.

वाशी_स्लो_लोकल:
खरी मजा 3 च्या कसोटीत आहे, ती मुलाला दाखवा. 7 ला 3 ने भागलं तर बाकी 1. पुढे 3 किंवा 9 कितीही लावा, बाकी तीच राहते. 1 किंवा 7 लावला की बाकी 2 होते, आणि त्यानंतर परत 1 किंवा 7 लावला की 3 ने भाग गेलाच, खेळ खलास. म्हणजे 7 ने सुरू केलं की 1 किंवा 7 वापरायची संधी एकदाच. या संख्येने ती सहाव्या अंकाला वापरली, बघा 739391. त्यापुढे फक्त 3 आणि 9. म्हणून 739391331 आणि 739391337 कॅल्सीशिवाय बाद. 739391333 आणि 739391339 मात्र चिवट आहेत, 7, 11, 13 कशानेच भाग जात नाही, पण मूळ नाहीत दोन्ही.

कळवा_नाका:
डावीकडून खोडायच्या पण असतात, त्यात 0 नको अशी अट. त्यातली सगळ्यात मोठी 24 अंकी, 357686312646216567629137. दोन्हीकडून चालणारी सगळ्यात मोठी मात्र 739397.

बेलापूर_हिशोबनीस:
हे सगळं दशमान पद्धतीत लिहितो म्हणून. बाराच्या पद्धतीत लिहिली की अंकच बदलले, मग कसली खोडाखोडी. संख्येचा गुण नाही हा, लिहिण्याचा आहे.

घोडबंदर_रोड:
असेना का. कापरेकरांचं 6174 पण दशमान पद्धतीचंच आहे की (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा, असं करत राहिलं की शेवटी 6174 च येतं). कापरेकर सर लहानपणी आपल्या ठाण्यातच शाळेत शिकले, त्यांच्या अंकांच्या खेळांना पण आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी भाव दिला नव्हता, 1975 मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन गणित-लेखकाने लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं.

ऐरोलीची_आई:
3 ची कसोटी कळली त्याला, थँक्यू. आता विचारतोय 5 ने सुरू केलं तर?

वाशी_स्लो_लोकल:
5 ची बाकी आधीच 2, म्हणजे 1 आणि 7 पहिल्यापासून बंद. 3 आणि 9 वरच पुढे जायचं. 59 पासून सुरू करायला सांगा, आठ अंकांपर्यंत पोचते एक, उत्तर मी देत नाही. पण आधी जेवायला बसवा.