‘वुड पेव्हमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

सांजवात: व्हिक्टोरियाकालीन लंडनच्या रस्त्यांवरचा मजकूर मराठीत आणतेय. तिथे १८३९ पासून काही रस्त्यांवर लाकडी ठोकळे बसवत, लाकडाचे तंतू उभे ठेवून, म्हणजे घोड्यांच्या नालांचा खडखडाट कमी. मी ‘लाकडी फरसबंदी’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. म्हणे फरशी दगडाची असते. ‘लाकडी रस्ता’ म्हटलं तर ओंडके टाकलेली रानवाट वाटते. काय करू?

चिरेबंदी: संपादकांचं बरोबर आहे. फरशी म्हणजे शहाबादी. ‘ठोकळेबंद रस्ता’ लिहा.

नुक्ता: ‘फर्श’ मुळात अरबी, अर्थ अंथरणं. फारसीत आजही गालिच्याला फर्श म्हणतात. दगड नंतर चिकटला. मग लाकडाने काय घोडं मारलंय?

मुकादम: घ्या! डांबराच्या वरच्या थराला आम्ही ‘कार्पेट’ म्हणतो तर साहेब लोक नाकं मुरडतात. आमचंच खरं निघालं की.

चिरेबंदी: व्युत्पत्तीवर भाषा चालत नाही. आणि ‘डांबरी थर’ म्हणायला जीभ अडखळते का?

सांजवात: पुढे अस्फाल्टही आहे, १८६९ साली थ्रेडनीडल स्ट्रीटवर घातलेलं. ते तरी डांबर लिहू ना?

मुकादम: मुळीच नको. ते स्वित्झर्लंडच्या खाणीतला अस्फाल्टी दगड दळून, तापवून, ठोकून बसवलेलं. मूळ डांबर निघतं कोळशातून. खडीचे रस्ते रूढ करणाऱ्या मॅकॅडम या अभियंत्याच्या मूळ रस्त्यात तर तेही नव्हतं, नुसती फोडलेली खडी. टारमॅकचं, म्हणजे डांबर मिसळलेल्या खडीचं, पेटंट १९०२ चं, तोवर राणी वारली होती. आमच्या ‘डब्ल्यूबीएम’मधला, म्हणजे ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’मधला, एम म्हणजे हाच मॅकॅडम. सरपंचापासून सगळे ‘डब्ल्यूबीएम झाला का’ विचारतात, चिरेबंदींनी त्यालाही प्रतिशब्द काढावा.

चिरेबंदी: आहे. खडीकरण.

मुकादम: बिलात. साइटवर नाही.

वाटसरू: त्या लाकडाची एक गंमत. ‘सिटी’चे, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यभागाचे, अभियंता हेवूड यांनी १८७० च्या दशकात घोडे किती मैल चालल्यावर पडतात ते मोजवलं. ग्रॅनाइटवर सगळ्यात कमी, अस्फाल्टवर त्याहून जास्त, लाकडावर सगळ्यात जास्त. पण लाकडात घोड्यांचं मूत मुरून वास यायचा. बाकी आमच्या आजोळी वाड्याच्या चौकाला ‘फरसबंदी चौक’च म्हणत, आणि दगड होते चांगले ओबडधोबड. शहाबादीचा काय संबंध?

नुक्ता: तेच तर! मुंबईकर त्या शहाबादीलाही लादी म्हणतात.

गिरगावकर: म्हणणारच. आमच्याकडे घरात असते ती लादी. पोर्तुगीज ‘लाद्रिल्यू’वरून आली असणार, तिकडे टाइलला तेच म्हणतात.

चिरेबंदी: ध्वनी जुळला की लगेच पोर्तुगीज! पुरावा?

सांजवात: मजकूर उद्या द्यायचाय. ‘लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी’ चालेल का?

गिरगावकर: पुरावा काय मागता, लादीपाव बघा. पावही पोर्तुगीजच.

चिरेबंदी: ती लादी वेगळी.

मुकादम: वेगळी कशी? तीही चौकोनीच.