मदत हवी आहे: क्रीम-चीज नाही, घरातल्याच सामानात रात्रीचा झटपट पास्ता कसा करावा?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी आणि रूममेट हिंजवडीत राहतो. खोलीवर यायला साडेनऊ होतात. डबा एकाच वेळचा, आणि रोज बाहेरून मागवणं परवडत नाही. त्यामुळे रात्री पोहे, खिचडी, अंडाभुर्जी, की पुन्हा पोहे. मध्यंतरी ऑफर होती म्हणून रूममेटने पास्त्याची पाकिटं आणून ठेवली, दोन स्पॅगेटी आणि एक पेने. ती संपवायची आहेत.

घरात आहे ते असं: लसणाचे गड्डे (आईकृपेने भरपूर), शेंगदाणा तेल, सुक्या मिरच्या, मिरी, टोमॅटो प्युरीचे छोटे खोके, काबुली चणे, ब्रेड किंवा पाव (बहुधा शिळा), आणि पिझ्झाबरोबर आलेल्या चिली फ्लेक्स-ओरेगॅनोच्या पुड्यांनी भरलेला डबा. ऑलिव्ह ऑइल नाही आणि आणणारही नाही. भांडी म्हणजे एकच इंडक्शन, सपाट बुडाची कढई, पातेलं, कुकर.

अडचण अशी की पास्ता चाळणीत ओतून फोडणीला लागेपर्यंत त्याचा गोळा होतो. पाण्यात तेल घातलं तरी होतो. कुणी म्हणतं गार पाण्याने धुवा, कुणी म्हणतं धुतलात तर संपलं. शिवाय प्युरीचा सॉस कच्चट लागतो आणि ताटात खाली पाणी सुटतं. व्हाइट सॉस सुचवू नका प्लीज, पोटाला आणि खिशाला दोन्हीला झेपत नाही. माणशी 40-50 रुपयांत आणि अर्ध्या तासात होईल असं काही?

मेतकूट

धुवायचा फक्त गार सॅलड करायचं असेल तर. एरवी नाही. आणि तेल पाण्यावर तरंगतं, पास्त्याला चिकटू नये म्हणून त्याचा काही उपयोग नाही. उलट गाळताना पास्त्याला तेच तेल लागतं आणि सॉस घसरून जातो. पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, एवढं पुरतं.

तोरिनोकर

तुमचं सामान वाचून मला आनंद झाला, कारण यात एक अस्सल इटालियन जेवण तयारच आहे: आल्यो ए ओल्यो. नेपल्सकडचा पदार्थ. लसूण, तेल, तिखट मिरची, स्पॅगेटी, संपलं. इथे इटलीत रात्री उशिरा चार मित्र जमले आणि घरात काही नसलं की हाच होतो. चीजसुद्धा मुळात लागत नाही.

आधी गोळ्याचं. तुमचा एकच इंडक्शन आहे, म्हणजे तुम्ही आधी पास्ता उकडता, गाळता, मग कढई चढवता, बरोबर? तेवढा वेळ पास्ता चाळणीत बसून राहतो. वरचं पाणी वाळतं, स्टार्च उरतो आणि तोच डिंकाचं काम करतो. क्रम उलटा करा. पास्त्याने सॉसची वाट बघायची नाही, सॉसने पास्त्याची बघायची.

दोघांना 200 ग्रॅम स्पॅगेटी. 10-12 पाकळ्या लसूण (आपल्याकडच्या बारीक असतात) पातळ चकत्या करून घ्या. कढईत तीन-चार मोठे चमचे तेल आणि लसूण, दोन्ही गारच एकत्र टाका आणि इंडक्शन अगदी कमीवर ठेवा. तापलेल्या तेलात लसूण टाकायचा आपला हात इथे आवरायचा. हळूहळू वास तेलात उतरला पाहिजे. कडा सोनेरी दिसायला लागल्या की दोन सुक्या मिरच्या तोडून टाका आणि कढई लगेच खाली उतरवा. तपकिरी झाला की कडू लागतो, मग वाचवता येत नाही.

आता पातेलं चढवा. इथला हिशोब 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ असा असतो. तुम्ही दोघांना सव्वा लिटर घेतलंत तरी चालेल, फक्त जास्त ढवळा आणि मीठ त्या प्रमाणात घ्या, दोन सपाट छोटे चमचे. कमी पाण्याचा फायदाच आहे, ते जास्त पिठूळ होतं आणि आपल्याला तेच हवंय. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी थांबा. एक मोठी वाटी पाणी काढून ठेवा. मग पास्ता गाळून तडक कढईत, कढई इंडक्शनवर, अर्धी वाटी पाणी ओता आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं जोरात हलवा. तेल आणि ते पिठूळ पाणी मिळून येतं, दाटसर चकाकणारा रस पास्त्याला धरतो. कोरडं वाटलं तर अजून पाणी. लगेच खा.

शेंगदाणा तेलाने चव वेगळी येईल, वाईट नाही. घाण्याचं असेल तर त्याचा वास लसणावर चढतो, रिफाइंड बरं.

गव्हाणकर

पाकिटामागे घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलं असेल तर उत्तम. आपल्याकडचा बन्सी गहू तो हाच. मैद्याचा असेल तर मिनिटभराच्या फरकाने लगदा होतो, मग तोरिनोकर दोन मिनिटं आधी थांबा म्हणतात, तिथे तीन मिनिटं आधी थांबा. ऑफरमधली पाकिटं बरेचदा मैद्याची निघतात, अनुभव आहे.

सुमतीमावशी

प्युरीचं मी सांगते. अरे, आपण भाजीला टोमॅटो तेल सुटेपर्यंत परततो ना? मग पास्त्याला म्हणून वेगळा नियम कशाला! तेलात लसूण, त्यावर प्युरी, मीठ, चिमूटभर साखर, आणि झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं परत. रंग गडद होऊन कडेने तेल दिसलं की कच्चटपणा गेला. ताटात पाणी सुटतं ते सॉस आटलेला नसतो म्हणून, आणि पास्ता वरून नुसता कालवतात म्हणूनही. कढईत सॉसबरोबर दोन मिनिटं शिजू दे. ओरेगॅनोची पुडी शेवटी. पेनेला हे छान, नळीत सॉस शिरतो. केचप घालू नकोस बाबा.

कुकरवाला

एवढं कशाला? पेने, प्युरी, मीठ, तिखट, बुडेल इतकं पाणी, कुकरला एक शिट्टी, वाफ सोडा, तय्यार. भांडं एकच.

मेतकूट

@कुकरवाला, पास्त्याला फेस येतो आणि तो शिट्टीत अडकू शकतो. करणारच असाल तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि वाफ सांभाळून सोडा. मी तरी त्यापेक्षा झाकण न लावता त्याच भांड्यात शिजवीन, दहा-बारा मिनिटांचं काम.

तोरिनोकर

शिळा पाव टाकू नका, तो तुमचं चीज आहे. दक्षिण इटलीत, सिसिलीत वगैरे, ज्यांना चीज परवडत नसे ते शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून पास्त्यावर घालत. आजही घालतात, आवडीने. कढईत आधी तोच करून घ्या, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ, चुरा कुरकुरीत झाला की वाटीत काढा. अगदी खाताना वरून घालायचा, आधी घातला तर मऊ पडतो.

काबुली चण्यांचं म्हणाल तर सकाळी भिजत घाला, रात्री कुकरला मऊ शिजवा. लसूण-प्युरीची फोडणी, त्यात चणे त्यांच्या पाण्यासकट, थोडे चेचून, आणि त्यातच स्पॅगेटी बोटाएवढी तोडून शिजवायची. पातळसर, वाडग्यात घेऊन चमच्याने खायची. पास्ता ए चेची म्हणतात, रोममध्येही हमखास मिळते. पोटभरीचं म्हणाल तर आल्यो ए ओल्योपेक्षा हेच. (अख्ख्या स्पॅगेटीचे तुकडे करताना कुणी इटालियन बघत असेल तर तोंड वाकडं करील, या पदार्थात मात्र चालतं.)

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार! क्रमाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाकीट बघितलं: स्पॅगेटी ड्युरमची, पेने मैद्याची. म्हणजे आज आल्यो ए ओल्यो, पावाचा चुरा घालून. चणे उद्या सकाळी भिजत घालतो. सुमतीमावशी, केचपची बाटली रूममेटच्या ताब्यात आहे, बोलून बघतो.

एक राहिलं. उरला तर डब्यात नेता येईल का?

सुमतीमावशी

लसणाचा नको, सकाळपर्यंत कोरडा ठाक होईल. टोमॅटोचा ने. रात्रीच फ्रीजमध्ये ठेव, सकाळी कढईत दोन चमचे पाणी मारून गरम कर.