सेल्समन टिकत नाहीत, आणि जे आहेत ते महिनाअखेरीला होलसेलला माल ढकलतात. इन्सेन्टिव्ह कसा बसवावा?

सांगलीकर
बिस्किट-नमकीनची एजन्सी. सहा सेल्समन, प्रत्येकाकडे आठवड्याचे सहा बीट (एका दिवसात फिरायच्या दुकानांचा ठरलेला मार्ग), एका बीटवर साधारण 40 दुकानं. पगार 15,000 अधिक पेट्रोल. प्रत्येकाचं महिन्याचं टार्गेट 7 लाख. झालं तर 4,000, नाही झालं तर शून्य. 20 तारखेपर्यंत निम्मासुद्धा सेल नसतो. मग शेवटच्या चार दिवसांत गणपती पेठेत होलसेलला माल जातो आणि तोच पुढच्या महिन्यात विश्रामबागेतल्या दुकानांत आमच्यापेक्षा कमी भावाने फिरतो. नवीन मुलं दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. इन्सेन्टिव्ह 6,000 केला तर फरक पडेल का?

बीटवाला
पडेल, ढकलाढकली वाढेल. रक्कम ठीक आहे, अट चुकीची आहे. 24 तारखेला 80 टक्क्यांवर असलेला मुलगा काय करणार? एक तर नाद सोडणार, नाहीतर होलसेलवाल्याला पदरची स्कीम (सूट) देऊन दीड लाखाचं बिल काढणार.

तेच 4,000 असे फोडा: 1,500 प्रॉडक्टिव्ह कॉलला (ज्या भेटीत बिल झालं ती), 1,000 बिलातल्या लाइनला (एका बिलात किती वेगवेगळे आयटम), 1,000 सेलला पण आठवड्याला 250 प्रमाणे, 500 वसुलीला. आठवडा हुकला तर 250 गेले, महिना गेला नाही. सोमवारी तो पुन्हा शून्यापासून लढतो.

हिशेब बघा. 40 पैकी 24 दुकानांत बिल, सरासरी 1,200 चं, महिन्याचे 25 दिवस: 7 लाख 20 हजार. होलसेलला हात न लावता टार्गेट होतं. म्हणून आधी 24 चा आकडा धरा, रुपये मागून येतात.

पळवाटा आत्ताच बुजवा. एकाच दुकानाची दोन बिलं काढतील, 60 रुपयांचं बिल फाडतील. 200 च्या खालचं बिल धरायचं नाही, एका दुकानाचं एका दिवशी एकच धरायचं. आणि मोजायचं ते डिलिव्हरी झालेलं बिल, घेतलेली ऑर्डर नव्हे. रिटर्न आला की त्या महिन्याच्या आकड्यातून वजा.

हिशेबनीस
वरच्या मांडणीत एक खोट आहे: चार निकष. पोराला संध्याकाळी गाडीवर बसल्या बसल्या आज किती सुटले ते कळलं पाहिजे; एक्सेल उघडावं लागलं की तो इन्सेन्टिव्ह राहत नाही. पहिले तीन महिने फक्त प्रॉडक्टिव्ह कॉल आणि आठवड्याचा सेल ठेवा. लाइन नंतर.

वसुली इन्सेन्टिव्हमध्ये घालण्याआधी उधारी कोण देतो ते ठरवा. दुकानाची मर्यादा मालकाने लिहून द्यायची आणि बिल टू बिल पाळायचं: मागचं बिल मिटलं की पुढचा माल. बऱ्याच ठिकाणी उधारी मालक देतो आणि बुडाली की सेल्समनच्या पगारातून कापतो. मुलं सोडून जाण्याचं मोठं कारण बहुतेक वेळा हेच असतं, पण जाताना सांगतात ‘घरची अडचण’.

गोडाऊनमध्ये नसलेल्या मालाचाही भुर्दंड त्याच्यावर पडू देऊ नका. सकाळी निघण्यापूर्वी स्टॉकची यादी हातात. 10 ची ऑर्डर घेऊन 6 पोचले की दुकानदार पुढच्या फेरीला तोंड फिरवतो.

जुना एएसएम (एरिया सेल्स मॅनेजर)
भरतीबद्दल कोणी बोललं नाही. ‘आकर्षक पगार’ अशी जाहिरात देऊ नका. टाइमपास करणारे येतात. माणसं जवळच असतात: डिलिव्हरीच्या गाडीवरचा पोरगा, मोठ्या किराणा दुकानातला काउंटरवाला. त्यांना दुकानं, भाव, उधारीची भाषा सगळं येतं. चालू सेल्समनने माणूस आणला तर 2,000 द्या, पण दोन हप्त्यांत: नवा माणूस तीन महिने टिकला की 1,000, सहा महिन्यांनी उरलेले. सगळे आधी दिले तर मेव्हणे-भाचे येतात आणि जातात.

मुलाखत टेबलावर संपवू नका. एक दिवस बीटवर पाठवा, त्या दिवसाची हजेरी द्या. दुपारी 2 वाजता, कुपवाडच्या उन्हात, ‘माल नको’ म्हणणाऱ्या विसाव्या दुकानात तो शेल्फवर नजर टाकतो की मोबाइलवर, एवढंच सोबतच्या सेल्समनला विचारा. बाकी शिकवता येतं.

पहिल्या महिन्यात कमाई होत नाही, कारण दुकानदार ओळखत नसतात. म्हणून पहिल्या महिन्याला 2,500 इन्सेन्टिव्ह हमीने, दुसऱ्याला 1,500 किंवा प्रत्यक्ष होईल ते, जे जास्त असेल ते. तिसऱ्यापासून नियमाप्रमाणे. मूळ मार्कशीट किंवा डिपॉझिट ठेवून घेण्याची पद्धत असेल तर बंद करा; कामाचा माणूस तिथूनच परत फिरतो.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकूण सेलची क्रमवारी टाकू नका. पेठेचा बीट आणि कुपवाडचा बीट एका यादीत आले की खालचा कायम खालीच राहतो. क्रमवारी लावायचीच तर स्वतःच्या मागच्या महिन्याशी तुलना करून लावा.

सांगलीकर
होलसेल पूर्ण बंद केलं तर कंपनीचं टार्गेट अडतं. त्याचं काय?

बीटवाला
बंद करू नका, सेल्समनच्या हातून काढा. होलसेलच्या पार्ट्या स्वतंत्र बीटवर, बोलणं तुम्ही करायचं, त्यावर इन्सेन्टिव्ह शून्य. पार्टीची महिन्याची मर्यादा तिच्या मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर बांधा आणि माल चार आठवड्यांत विभागून द्या. रिटेलची स्कीम होलसेलच्या बिलाला लागू नये. दोन्हीचा भाव एक झाला की माल विश्रामबागेत पुन्हा उतरलाच म्हणून समजा.