मदत हवी आहे: एक एंजल मासा फिकट आहे आणि वाढतही नाही, आजारी समजायचं का?

मंडळी, जाणकारांनी जरा सांगा. टँकमध्ये एकाच खेपेला आणलेले पाच एंजल आहेत. चार मस्त वाढलेत, पट्टे काळेभोर. पाचवा त्यांच्या जेमतेम निम्मा आणि पट्टे कुणी खोडरबराने पुसावेत तसे. खातो, पण सगळ्यांच्या शेवटी. मोठा अंगावर आला की बाजूला होतो. पर मिटलेले नाहीत, अंगावर ठिपके किंवा बुरशी नाही, श्वासाचा वेग बाकीच्यांइतकाच.

टँक साधारण १२० लिटर, तापमान २७ अंश, पाण्यातल्या घाणीचं माप: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखांत वीस भाग) आसपास. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो. खायला दोन वेळा फ्लेक्स (सुक्या पापड्या), अधूनमधून ब्लडवर्म (लाल अळ्या). तळाला पांढरी वाळू.

ओळखीतला एकजण म्हणतो, सरळ अँटिबायोटिक टाक. रोग कोणता ते माहीत नसताना औषध ओतायला मन घेत नाही. फिल्टरमधले पाणी साफ ठेवणारे जिवाणू गेले तर बाकीचे चारही गोत्यात येतील. याची चणच बारीक म्हणून सोडून द्यायचं, की रोग धरून वेगळा काढायचा? तुम्ही काय बघून ठरवता?

प्रतिसाद १
औषध थांबवलंत ते बरं केलंत. एंजलच्या रंगावर एवढं जाऊ नका. पट्ट्यांचा रंग मज्जातंतूंच्या ताब्यात असतो. मासा घाबरला, दबला किंवा दिवे गेले की पट्टे उतरतात. त्यात पांढऱ्या वाळूवर मासा आपणहून फिका पडतो. रंग येतो-जातो का, ते बघा. एकटा असताना पट्टे गडद होत असतील तर निम्मी काळजी मिटली.

मी आधी अंग बघतो. डोक्यामागचं मांस बसलंय, पोट आत गेलंय आणि तरी खातोय, तर आत काहीतरी आहे. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबती, तीही वारंवार दिसली तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. एकदाच दिसली तर नाही. उपाशी माशाचीही तशी असते. गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर ते कॅमलॅनस कृमी.

आणि डोळा बघा. वाढ खुंटलेल्या माशाचं अंग थांबतं, डोळा मात्र वाढत राहतो. अंगाच्या मानाने डोळा मोठा दिसला तर लहानपणी खाणं कमी पडलंय किंवा दाटीत वाढलाय असं धरा. असा मासा पुढे नीट जगतो, पण बाकीच्यांइतका होईलच असं नाही.

प्रतिसाद २
वरच्याला दुजोरा. खंगत जाणं, वाकडा कणा आणि न भरणाऱ्या जखमा एकत्र दिसल्या तर माशांच्या क्षयाची शंका येते. तसं असेल तर जखम असलेला हात पाण्यात घालू नका. तो जिवाणू माणसाच्या कातडीला लागतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

माझ्या मते हा दबलेला मासा आहे. त्याच टँकमध्ये जाळी लावून बाजूला करा म्हणजे पाणी बदलत नाही, आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला द्या. दर आठवड्याला त्याच जागेवरून फोटो काढा, नजरेवर विसंबू नका. तसंही पुढे यांच्यात जोडी जमली की ती आपली जागा राखते, मग १२० लिटरमध्ये उरलेल्यांना मार बसणारच.

धागाकर्ता
दोघांचे आभार. सकाळी मोठे दुसऱ्या कोपऱ्यात असताना याचे पट्टे चांगले उठून दिसले. विष्ठा तपकिरी आहे. डोळा मात्र खरंच मोठा वाटतो. जाळी लावतो. पण पलीकडून मोठे दिसत राहिले तर ताण तसाच राहील ना?

प्रतिसाद २
जाळीच्या कडेने उंच पानांची झाडं लावा, आडोसा झाला की पुरतं. तरी फिकाच राहिला तर जाळी काढून तिथे अपारदर्शक पट्टी बसवा, फक्त वर-खाली पाणी फिरायला फट ठेवा.