थंडी पडली, सुया काढल्या का? विणकाम, क्रोशा, वाकळ… आपापले अनुभव सांगा

टिळकवाडीची

तुळशीचं लग्न झालं की बेळगावची हवा एकदम फिरते बघा, संध्याकाळी सहा-साडेसहालाच खिडक्या लावून घ्यायला लागतात आणि पहाटे पारा १३-१४ वर येतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, त्यात सह्याद्रीकडनं येणारा वारा, त्यामुळे इथे स्वेटर नुसता हौसेचा नसतो, खरंच लागतो. या दिवसांत घरोघरी कायतरी हातात असतंच म्हणून हा धागा. काय करताय, कुणाकडनं शिकलात, लोकर कुठली वापरता, वाकळ कशी शिवता, सगळं सविस्तर लिहा. छोटं असलं तरी चालेल.

मी सुरुवात करते. सध्या मिस्टरांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर चालू आहे, गडद चॉकलेटी रंग. अंग दहा नंबरच्या सुयांवर आणि खालची बॉर्डर बारा नंबरवर, एक उलट एक सुलट. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक हे नवीन शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बॉर्डर बारीक सुईवर केली की ती अंगाला धरून राहते, धुतल्यावर फेंदारत नाही. आणि लोकर घेताना सगळी एकदमच घ्या, गुंड्याच्या कागदावर रंगाचा लॉट नंबर छापलेला असतो तो सगळ्यांवर एकच आहे ना ते दुकानातच बघून घ्या. दोन लॉटचा फरक दिव्याच्या उजेडात कळत नाही, उन्हात पाठीवर पट्टा उठून दिसतो. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लोकर धरायची.

जांबोटीकडची लेक

आमच्याकडे लोकर नाही, वाकळ. खानापूर तालुक्यात पावसाळा संपता संपत नाही, मग भातकापणी, मग मळणी, ते सगळं आटोपून भात घरात आलं की आमची आज्जी ट्रंक उघडायची. जुनी नऊवारी लुगडी, आजोबांची धोतरं, फाटकी पातळं, सगळं आधीच धुऊन उन्हात कडक वाळवलेलं. सारवलेलं अंगण कोरडं झालं की त्यावर एक मोठं लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर पाट नाहीतर वरवंटा असलं कायतरी जड ठेवायचं म्हणजे सरकत नाही, त्यावर आतले थर, जिथं कापड विरलंय तिथं दुसऱ्या कापडाचा तुकडा, आणि सगळ्यात वर परत चांगलं लुगडं. मग मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरायचं आणि कडेकडेनं धावदोरा सुरू. आमच्यात बाहेरून आत जातात, चौकोनात चौकोन करत मधोमध येऊन संपवायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. आज्जी म्हणायची टाके दाट घाल, विरळ घातलास तर दोन धुण्यांत आतलं कापड गोळा होऊन एका बाजूला जाईल, आणि ते खरंच आहे. वाकळीची ऊब नुसत्या कापडाची नसते, थरांच्या मधे हवा अडकते तिची असते, म्हणून टाके दाट पण दोरा ओढून आवळायचा नाही.

शेवटचा टाका घालायच्या आधी आज्जी भाकरीचा एक कण आत सरकवायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मी अजून तसंच करते. माझ्या मुलीला पण सांगितलंय.

वाकळ एकटीनं होत नाही हो. दोघी-तिघी चारी बाजूंनी बसायला लागतात, आणि एवढ्या गप्पा दुसरीकडे कुठे होत नाहीत. शेजारच्या कन्नड घरातल्या अक्का त्यांची कौदी पसरायच्या तेव्हा आम्ही जायचो आणि आमची पसरली की त्या यायच्या. त्यांच्याकडे तुकडे जास्त रंगीत, इरकलीचे काठ वगैरे लावलेले, ते बघून आईनं पण आमच्या वाकळीला काठ लावायला सुरुवात केली.

कॅम्पातल्या काकू

सगळ्यांना नमस्कार. माझे यजमान मराठा लाईट इन्फंट्रीत होते, आता रिटायर होऊन आम्ही बेळगावातच स्थायिक झालोय. विणकाम मी पोस्टिंगमध्ये शिकले, पंजाबात क्वार्टर्समध्ये. तिकडची थंडी म्हणजे विचारू नका, दुपारी सगळ्या बायका उन्हात खाटा टाकून बसायच्या आणि प्रत्येकीच्या हातात सुया. मला तेव्हा हिंदी पण नीट येत नव्हतं, शेजारच्या सरदारीण बाई माझे हात धरून टाका घालून दाखवायच्या. साबुदाणा डिझाईन, वेणी, जाळी, सगळं त्यांच्याकडनं. साबुदाणा सगळ्यात सोपं आणि दिसायला भारी: पहिल्या ओळीत एक सुलट एक उलट, दुसऱ्या ओळीत सुलट दिसतो त्यावर उलट आणि उलट दिसतो त्यावर सुलट. कापड दोन्हीकडनं सारखं दिसतं आणि कडा वळत नाहीत, त्यामुळे मफलरला एकदम योग्य. एक ओळ सुलट एक ओळ उलट असा साधा विणलात तर मफलर गुंडाळी होऊन बसतो.

आपल्या भागात विणकाम घरोघरी पोचलं त्यात पलटणीच्या बायकांचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. सुट्टीला गावी यायचो तेव्हा बहिणी, जावा, भाच्या सगळ्या मला घेरून बसायच्या, येळ्ळूरला, कडोलीला, आणि मी जे तिकडे शिकले ते इकडे देऊन जायचे. वेणीचं डिझाईन माझ्या माहेरच्या गल्लीत निम्म्या पोरांच्या अंगावर होतं. आता गुडघे दुखतात पण हात चालतात. नातवंडांना शिकवालेय, नातू जास्त मन लावून करतो.

वडगावचा विणकर

आम्ही मागावरची माणसं. शहापूर, वडगाव, खासबाग म्हणजे मागांचा आवाज, आता बरेचसे पॉवरलूम. थंडीत घरच्या बायका एक काम हमखास करतात ते सांगतो. साडी मागावरनं उतरली की ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेवटची टोकं उरतात, हात-दीड हात सूत, ते पुन्हा मागावर चढत नाही. ते टाकायचं नाही, रंगाप्रमाणे जुळवून गाठी मारून गुंडे करायचे आणि जाड क्रोशाच्या सुईनं तीन-चार पदर एकत्र घेऊन पायपुसणी, बसकर, भांड्याखालची चकती. सुती असेल तरच, रेशमासारखं गुळगुळीत सूत गाठीतनं निसटतं. आमच्या आईनं केलेली बसकर अजून देवघरात आहे.

हिंडलग्यातली कॉलेजकन्या

मी क्रोशा मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले पण खरं शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी. त्या घरी कन्नड बोलतात, मी मराठी, मधेच हिंदी, आणि मोबाईलवर क्रोशाचा चार्ट उघडलेला. चार्टमधल्या खुणा सगळीकडे सारख्याच असतात ना, साखळी टाक्याला लांबट गोल, खांब टाक्याला काठी, त्यामुळे आमचं व्यवस्थित जमतं. साखळी, मुका खांब, खांब, एवढं आलं की बाकी सगळं यांच्याच जोडण्या आहेत असं अक्का म्हणतात आणि मला ते पटतं.

यंदा घरातल्या उरलेल्या लोकरीचे चौकोन करालेय. मधे चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, गटांच्या मधे दोन-दोन साखळ्या म्हणजे कोपरे, मग पुढची फेरी कोपऱ्यातनं वाढवत न्यायची. परीक्षेचा अभ्यास झाला की रात्री एक चौकोन, डोकं एकदम शांत होतं. शेवटी सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची कड लावणार, काळी की पांढरी ते ठरत नाहीये. कुणी सांगाल का?

टिळकवाडीची

काळी लाव गं. उरलेल्या लोकरीत रंग कसेही असतात, काळ्या कडेनं सगळे एकत्र बांधल्यासारखे होतात आणि मळखाऊ पण आहे.

अथणीकडचा

मी पुरुषमाणूस, विणत नाही, पण आमच्या घरात लोकर कातली जायची म्हणून लिहितो. आम्ही मेंढ्या राखणारे. दख्खनी मेंढीची लोकर काळपट, राठ, वर्षातनं दोनदा कातरतात. ती पिंजून म्हातारी माणसं सूत काढायची आणि त्याची घोंगडी मागावर व्हायची. विणून झाली की चिंचोक्याची खळ करून ब्रशनं चोळायची, त्यानं घोंगडीला ताठपणा येतो आणि सूत बसतं. नवीन घोंगडी अंगाला टोचते, ते खरं आहे, पण वर्षभर वापरा मग बघा. पावसात रानात बसलं तरी पाणी लवकर आत शिरत नाही. आजकाल दुकानात विणायला लोकर मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, तिला लोकर म्हणायचं आपण, पण ती मेंढीची नव्हे. ज्यांना विणायचंय त्यांनी एकदा तरी खरी लोकर हातात घेऊन बघावी. स्वेटरला दख्खनी लोकर राठ पडेल, पण पिशवी, बैठक, जाड जाकीट याला उत्तम.

हल्याळला नोकरी केलेली

खानापूरच्या जंगलातली गावं आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूर या भागात सिद्दी समाज आहे, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. तिथल्या बायका जी वाकळ शिवतात तिला त्या कवंदी म्हणतात. मी नोकरीनिमित्त तिकडे राहत होते तेव्हा शेजारच्या मावशींच्या अंगणात बसून किती संध्याकाळी गेल्या असतील. खाली जुनी साडी, वर जुन्या कपड्यांचे तुकडे, कडा दुमडत दुमडत लावायचे, आणि एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत मध्यावर यायचं, म्हणजे जांबोटीच्या ताईंनी सांगितलं तसंच. वेगळं काय तर आधी आखणी काही नाही. हाताला येईल तो तुकडा घेतात, त्याच्याशेजारी काय शोभेल ते डोळ्यानं ठरवतात आणि पुढे जातात. लाल, पिवळा, निळा, कुठलाच रंग घाबरून लावत नाहीत. आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांचं फूल, त्याला फुला म्हणतात, ते लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. मावशी म्हणाल्या, फुला नसेल तर ती उघडी दिसते.

आता शहरात या कवंद्या प्रदर्शनात भिंतीवर टांगलेल्या बघते. चांगलंच आहे, त्यांच्या हाताला पैसे मिळावेत. पण घेतलीत तर वापरा, पोरांना पांघरा. ती त्यासाठीच शिवलेली असते.

हिंदवाडीतली

मशीनवर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी. नोकरी करून हातानं पूर्ण वाकळ शिवणं होत नाही, मी शिलाई मशीनवर करते. वर जोडलेले तुकडे, मधे पॉलिएस्टरची पातळ शीट, खाली जुनी कॉटनची साडी, आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला शिवत जाते म्हणजे मधे फुगवटा राहत नाही. हाताच्या वाकळीसारखी मऊ पडत नाही हे मान्य, पण धुवायला हलकी आणि हॉस्टेलवरच्या मुलाला रोजच्याला उपयोगी. दोन्ही प्रकार घरात असावेत.

निपाणीची सून

बाळंतविड्यावर कुणी लिहिणार की नाही म्हणून वाट बघत होते. माझ्या जावेला आता दिवस गेलेत, त्यामुळे आमच्या घरात सध्या तेच चाललंय. दुपटं मऊ जुन्या साडीचंच, नवीन कापड बाळाला नको. कुंची खणाची, गुळेदगुड्डचा खण सासूबाईंनी जपून ठेवला होता तो काढला. झबली मलमलची. आणि टोपडं, मोजे मी विणालेय. बाळासाठी केसाळ, सुटे धागे येणारी लोकर अजिबात घेऊ नका, ती नाकातोंडात जाते. मोज्याच्या आतल्या बाजूला लांब धागे सोडू नका, बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात. टोपड्याला गळ्याशी बांधायच्या लांब नाड्या मी लावतच नाही. आणि झोपवताना टोपडं काढून ठेवायचं असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेर नेताना घालायचं.

चिकोडीहून

निपाणीच्या वहिनी, टोपड्याचे टाके किती घालता तेवढं सांगा ना, माझ्या भाचीला करायचंय. आणि ॲक्रिलिकच्या स्वेटरला इस्त्री केली तर चालते काय?

कॅम्पातल्या काकू

इस्त्रीचं मी सांगते. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावायचीच नाही, एकदा का ते उष्णतेनं ढिलं पडलं की परत जागेवर येत नाही, बॉर्डर कायमची लोंबते. गार पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगला की ओल्या वजनानं लांब होतो. खऱ्या लोकरीला पण हेच, आणि तिला गरम पाणी दाखवायचं नाही, आटते.

निपाणीची सून

चिकोडीच्या ताई, आधी त्याच लोकरीचा १० सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजा. माझ्या हातानं आठ नंबरच्या सुईवर २२ टाके येतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं ३३ ते ३५ सेंटिमीटर असतं, टोपडं ताणतं म्हणून ३२ धरायचं, म्हणजे ७० टाके. दोन बोटं बॉर्डर, मग साधं विणत खालपासून ९ सेंटिमीटर झालं की दहा-दहा टाक्यांचे सात भाग करायचे आणि प्रत्येक सुलट ओळीत प्रत्येक भागात शेवटचे दोन टाके एकत्र. उलटी ओळ तशीच विणायची. सुईवर सात टाके उरले की लोकर हातभर ठेवून कापा, शिवणाच्या सुईत ओवून सातही टाक्यांतनं काढून ओढा आणि त्याच लोकरीनं मागची शिवण घाला. तुमचे १० सेंटिमीटरला २० टाके येत असतील तर ६४ घाला आणि आठ-आठाचे आठ भाग करा.