मदत हवी आहे: एकाच झाडावरचं दगडफूल, एक तुकडा ब्लीचने लाल होतो, दुसरा होत नाही

शेवाळरंग:

दगडफुलांच्या ओळखीत मी नवखी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका जुन्या झाडाच्या खोडावर, छातीच्या उंचीला, पानासारख्या पाळ्यांचं राखाडी शैवाक, म्हणजे दगडफूल, आहे. तीन वर्षं मी ते बघायला जातेय. एका ठिगळाच्या कडेशी सालीवर खूण केली होती. तीन वर्षांत कड त्या खुणेच्या पुढे जेमतेम ८ मिलिमीटर सरकली. इतकी वर्षं ज्याला भेटतो त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही, ही रुखरुख लागून राहिली. म्हणून गेल्या महिन्यापासून नीट मागे लागलेय.

जे दिसतं ते असं: पाळ्या ३ ते ६ मिलिमीटर रुंद, टोकं गोलसर. कोरडं असताना निळसर राखाडी, पावसानंतर हिरवट. खालची बाजू मध्यभागी काळी, कडेला तपकिरी, आणि तिथून निघालेले आखूड, फाटे न फुटलेले रायझीन, म्हणजे सालीला धरणारे धागे. वर पांढरे ठिपके. ठिपक्यांवर काही ठिकाणी पीठ सांडल्यासारखं दिसतं, काही ठिकाणी नाही.

पार्मेलिया की पंक्टेलिया, या दोन प्रजातींपैकी कुठली, इथे गाडी अडली. ओळखीच्या तक्त्यात स्यूडोसायफेली कशा आहेत ते विचारतात. मला दिसतंय ते स्यूडोसायफेली की सोरेडिया, हेच ठरवता येत नाही.

दुसरा घोळ ब्लीचच्या चाचणीचा, म्हणजे थेंब टाकून रंग येतो का ते बघण्याचा. झाडाखाली पडलेल्या फांदीवरचा एक तुकडा घेतला आणि खोडावरच्या त्या ठिगळातून नखाएवढा दुसरा. पहिल्यावर ब्लीचचा थेंब टाकला, गुलाबी-लाल झाला. दोन आठवड्यांनी दुसऱ्यावर टाकला, काहीच नाही. खात्रीसाठी पुन्हा पहिल्यावर टाकला, तर त्यावरही काही नाही! आता मी पहिल्यांदा पाहिलेला रंग खरा होता की भास, तेही कळेना. कुणी मार्ग दाखवेल का?

दहापट:

रंग भास नव्हता. त्यावर नंतर लिहितो, आधी ठिपके.

स्यूडोसायफेली म्हणजे वरच्या थरातली छिद्रं. तिथे थर उघडा पडलेला असतो आणि आतला पांढरा गाभा दिसतो. हवेची ये-जा त्यातून होते. तिथे भुकटी नसते. सोरेडिया म्हणजे शैवलाच्या पेशी आणि त्यांना गुंडाळलेले कवकाचे तंतू यांचे सुटे कण. ते वाऱ्या-पाण्याबरोबर जाऊन दुसरीकडे रुजतात. टाचणीच्या टोकाने हलकेच खरवडलं तर सोरेडिया टोकाला चिकटून येतात.

पंक्टेलियाच्या बऱ्याच जातींमध्ये सोरेडिया या छिद्रांतूनच वर येतात, गोंधळ होतो तो तिथे. म्हणजे एकाच पाळीवर जुन्या भागात पिठाळ ठिपका आणि नव्या भागात कोरा ठिपका असणारच. तुम्ही पाहिलंय ते दोन्ही बरोबर आहे. आता पाळीच्या अगदी टोकाकडचा कोवळा भाग १० पटीच्या भिंगाने बघा, तोही पाण्याचा थेंब टाकून. ओला थर हिरवा होतो आणि त्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. ते गोल, सुटे सुटे असतील तर पंक्टेलिया. लांबट, रेघांसारखे, एकमेकांना जोडत जाळी करणारे असतील तर पार्मेलिया. नावातच खूण आहे, लॅटिनमध्ये 'पुंक्तुम' म्हणजे ठिपका.

१९८२ पर्यंत या सगळ्या जाती पार्मेलियातच होत्या. शैवाकतज्ज्ञ हिल्दूर क्रोग यांनी ठिपक्यांची ठेवण आणि आतली रसायनं यांच्या आधारे त्या वेगळ्या काढल्या. त्यामुळे तक्ता तुम्हाला हे दोनच प्रश्न विचारतोय, ते योग्यच आहे.

पानगळ:

मध्येच विचारतो. माझ्याकडच्या झाडाच्या वाळत चाललेल्या फांदीवर अशीच राखाडी पानं गच्च आहेत. घरचे म्हणतात खरवडून टाक. झाड त्यामुळेच वाळतंय का?

सालकरी:

पानगळ, कृपया खरवडू नका. रायझीन ही मुळं नव्हेत, ते फक्त सालीच्या बाहेरच्या मृत थराला धरून ठेवतात. झाडातून रस शोषत नाहीत. अन्न आतलं शैवल उन्हावर बनवतं, आणि पाणी व क्षार पावसातून, हवेतून मिळतात. वाळक्या फांदीवर ती जास्त दिसतात याचं कारण उलटं आहे: पानं झडली की फांदीवर ऊन येतं आणि शैवाकाला वाढायला वाव मिळतो. फांदी का वाळतेय ते मुळाशी, खोडाच्या बुंध्याशी शोधा.

आता शेवाळरंग, तुमच्या ब्लीचबद्दल. पहिली शंका ब्लीचवरच. त्यातलं हायपोक्लोराइट बाटली उघडल्यावर हळूहळू निकामी होतं, उन्हात ठेवलं तर लवकरच. पहिल्या वेळी लाल झालेला तुकडा दुसऱ्यांदा होत नसेल तर तुकडा बदललेला नाही, द्रावण मेलंय. म्हणजे दुसऱ्या तुकड्याचा 'काहीच नाही' हा निकालही बाद.

दुसरी शंका जागेवर. रंग देणारं लेकॅनोरिक किंवा गायरोफोरिक आम्ल गाभ्यात असतं, वरच्या थरात नाही. वरच्या थरात असतं अ‍ॅट्रॅनोरिन, ते ब्लीचला दाद देत नाही. म्हणून ब्लेडच्या टोकाने वरचा राखाडी थर आणि त्याखालची हिरवी रेघ अलगद काढा, पांढरा गाभा दिसू द्या, आणि केशनळीने किंवा टूथपिकने अगदी बारीक थेंब तिथेच टेकवा. मोठा थेंब टाकला की सगळं पसरतं.

तिसरी गोष्ट वेळेची. रंग काही सेकंदच टिकतो, ब्लीच स्वतःच तो रंग मोडून टाकतं. डोळा भिंगाला लावलेला असतानाच थेंब टेकवा. थेंब टाकून मग भिंग शोधायला गेलात तर रंग येऊन गेलेला असेल. ही चाचणी शैवाकतज्ज्ञ विल्यम निलँडर यांनी १८६६ साली रूढ केली, आणि आजही घरच्या घरी करण्यासारखी इतकी उपयोगी दुसरी नाही.

नवं, बिनवासाचं ब्लीच आणा. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून एकाच बैठकीत तपासा. लाल होणारा पहिला तुकडा हाच तुमचा ताळा. तो लाल झाला तरच दुसऱ्याचा निकाल मानायचा. खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल जाऊ देऊ नका, विषारी वायू निघतो.

शेवाळरंग:

दोघांनी सांगितलं तसं सगळं केलं.

ठिपके: दोन्ही तुकड्यांच्या कोवळ्या टोकांवर गोल, सुटे. जाळी कुठेच नाही. मधल्या भागात त्याच ठिपक्यांतून पीठ वर आलेलं स्पष्ट दिसलं. एकदा दिसल्यावर आधी कसं कळलं नाही असं झालं.

ब्लीच: नवी बाटली, गाभा उघडा करून, एकाच बैठकीत. फांदीवरचा तुकडा लगेच गुलाबी-लाल. खोडावरचा पांढराच. तीन वेगवेगळ्या पाळ्यांवर करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे माझं ठिगळ खरंच रंग देत नाही. खालून दोन्ही काळी आहेत.

सालकरी:

मग तुमच्याकडे दोन जाती आहेत, आणि पहिल्या दिवसाची तुमची दोन्ही निरीक्षणं बरोबर होती!

खाली काळं, ठिपक्यांतून सोरेडिया आणि गाभा ब्लीचने गुलाबी-लाल, हे वर्णन पंक्टेलिया बोरेरीला जुळतं. तीच पंक्टेलिया प्रजातीची प्रमाण जाती, म्हणजे जिच्यावरून प्रजातीचं नाव बांधलं जातं ती. तिच्यात गायरोफोरिक आम्ल असतं. तिची जवळची भावंड सबरुडेक्टा, तिच्यात लेकॅनोरिक आम्ल, पण ती खालून फिकट बदामी असते, म्हणून ती बाद.

खाली काळं, सोरेडिया आहेत पण गाभा रंग देत नाही, हे पंक्टेलिया रेड्डेंडाचं लक्षण. तिच्या गाभ्यात मेदाम्लं असतात, त्यांच्यावर ब्लीचचा परिणाम होत नाही. सेट्रेलियालाही गोल ठिपके असतात, पण तिच्या पाळ्या बऱ्याच मोठ्या आणि रायझीन विरळ, तुमच्या मापांत ती बसत नाही.

तुकडा ठेवाल त्या पुडीवर मात्र 'रेड्डेंडा' असं लिहू नका, 'रेड्डेंडासारखी' असं लिहा. 'नाही' या निकालावर नाव पक्कं करणं धोक्याचं असतं. मेदाम्लं कोणती ते पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीनेच, म्हणजे रसायनं वेगवेगळी करून ओळखण्याच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनेच, कळतं. त्यासाठी नखाएवढा तुकडाही पुरतो, खोडावरून आणखी काढू नका.

दहापट:

दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कागदी पुड्यांत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पुडीवर तारीख, खोड की फांदी, जमिनीपासूनची उंची आणि ब्लीचचा निकाल लिहा. निकाल न आल्याचंही लिहा, आणि ब्लीचची बाटली कधी उघडली तेही.

शेवाळरंग:

पुड्या केल्या. मनापासून आभार, दोघांचेही. आज पुन्हा झाडाकडे जाऊन आले. वरच्या फांद्यांखाली खोडाच्या दुसऱ्या अंगाला, साधारण हातभर वर, आणखी एक ठिगळ आहे. ते बोरेरी असेल असं वाटतंय, पण तुकडा काढला नाही. खाली काही पडलं तर तपासेन. तोवर त्याच्याही कडेला सालीवर खूण करून ठेवलीय.